जुन्या मोटारीची रवानगी

जुनी मोटार बाळगणारा मनुष्य तिच्या रंगासाठी, क्रोमच्या चकाकीसाठी आणि कुठल्याशा भंगारबाजारात सापडेल न सापडेल अशा एखाद्या मूळ दिव्याच्या काचेसाठी जितके कष्ट घेतो आणि जितका काळ खर्ची घालतो, त्याच्या शतांशानेही विचार तो ती मोटार ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून दुसऱ्या गावी नेण्याच्या दिवशी बहुधा करीत नाही. गाडी आली, क्लीनरने दोर टाकले, मालकाने चार पावलांवरून पाहिले आणि रवानगी झाली, असा प्रकार सर्रास चालतो. वास्तविक तो दिवस मोटारीच्या दृष्टीने मोठ्या जोखमीचा असतो, कारण त्या दिवशी ती स्वतःच्या ब्रेकांच्या भरवशावर नसून परक्या वाहनाच्या पाठीवर असते आणि त्या वाहनाशी तिचा संबंध केवळ चार पट्ट्यांनी जुळलेला असतो. हे पट्टे कोणत्या ठिकाणी, कोणत्या कोनात आणि किती ताणाने लावावेत याचा निर्णय मोटारीच्या खालच्या अंगाची ओळख असल्याखेरीज करता येत नाही, आणि ती ओळख भाड्याच्या गाडीबरोबर आलेल्या चालकापाशी असण्याचे काही कारण नाही. म्हणून बांधणीच्या कामाचा आरंभ ट्रक दारात येण्याच्या आदल्या दिवशी, मोटारीखाली चटई टाकून आणि हातात बॅटरी घेऊन, खुद्द मालकाने केला पाहिजे, हेच माझे या लेखातले मुख्य सांगणे आहे.

या विषयाची निकड अलीकडे वाढलेली आहे. २०२१ सालच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तजवीज केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत ठरवली, परंतु त्याबरोबरच अशी मोटार नित्याच्या किंवा व्यापारी उपयोगासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई केली आणि प्रदर्शने, मेळावे, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी तिला मोकळीक ठेवली. दिल्लीचा जुन्या मोटारींचा मेळावा १९६४ पासून भरत आला आहे. तेथे जाण्यासाठी मुंबईकराने सुमारे १,४०० किलोमीटरचा पल्ला आपल्या वृद्ध मोटारीच्या चाकांवर पार पाडावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पुण्याची मोटार मुंबईच्या रंगकाम करणाऱ्याकडे न्यायची झाली, तरी मध्ये बोरघाट आहेच.

मोटारीखाली शिरण्यापूर्वी ती सपाट जागी, भक्कम घोड्यांवर किंवा खड्ड्याच्या तोंडावर उभी असावी. नुसत्या जॅकच्या आधारावर टेकवलेल्या मोटारीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. खाली गेल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की या मोटारीला स्वतंत्र सांगाडा आहे किंवा नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक मोटारी, त्याचप्रमाणे विलीज जीप, यांच्या तळाशी पोलादाचा स्वतंत्र चॅसिस असतो आणि वरची पेटी त्यावर बसवलेली असते. उलट मॉरिस मायनर, अँबॅसेडर आणि फियाट अकराशे या आपल्याकडे सर्वाधिक प्रेमाने सांभाळल्या जाणाऱ्या तिन्ही मोटारींना तसा चॅसिस नाही, त्यांची पेटी हाच त्यांचा सांगाडा आहे. हा भेद केवळ माहितीचा नाही. चॅसिस असलेल्या मोटारीत पट्टा अडकवण्याजोगा जाड, सलग पोलादी भाग निदान डोळ्यांना दिसतो. पेटीच जिथे सांगाडा आहे, तिथे तळाचा जो पत्रा आपल्याला भक्कम वाटतो तो कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत चाळीस-पन्नास पावसाळे काढून आतून गंजलेला असण्याचा संभव फार मोठा असतो आणि वरून मारलेला काळा रंग त्या गंजाची कैफियत सांगत नाही. शंका येईल तेथे पेचकसाची मूठ आपटून पाहावी. घट्ट नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर त्या जागेचा विचार सोडून द्यावा.

मग बांधावे कोठे? माझे मत असे की, जुन्या मोटारीत ज्या अंगावर चाक उभे आहे त्या अंगाला बांधावे. ज्या अंगावर रंग चढवलेला आहे त्याला शक्यतो हात लावू नये. अँबॅसेडर, मायनर, फियाट या तिघींचाही मागचा ॲक्सल सलग नळीसारखा, पाट्यांवर टांगलेला असतो, आणि या नळीभोवती दोन्ही टोकांना, चाकाच्या आतल्या अंगास, रुंद कापडी वेटोळे घालून त्याच्या कड्यांत पट्ट्याचा आकडा अडकवणे यासारखी निर्धास्त जागा दुसरी नाही. मात्र ह्याच नळीच्या अंगाने ब्रेकची बारीक धातूची नळी डाव्या-उजव्या चाकांकडे गेलेली असते. वेटोळे तिच्यावरून गेले आणि वर ताण आला, की ती चेपते किंवा तिचा सांधा सैल होतो, आणि तो दोष मोटार उतरवताना प्रथम ब्रेक दाबण्याच्या वेळी प्रकट होतो. म्हणून वेटोळे घालताना बोटांनी चाचपून नळीची वाट निश्चित करावी आणि वेटोळे तिच्या खालून, म्हणजे नळी आणि ॲक्सल यांच्यामधून, ओवता येत असेल तर ओवावे. येत नसेल तर जागा बदलावी. पुढच्या बाजूस युद्धपूर्व मोटारींना सहसा सलग बीम असतो आणि तेथेही हाच न्याय लागू होतो, परंतु अँबॅसेडर व मायनर यांचे पुढचे अंग टॉर्शन बारवर आणि फियाटचे गुंडाळी स्प्रिंगवर असल्यामुळे तेथे पट्टा चाकाजवळच्या लोअर आर्मभोवती घ्यावा लागतो.

कोठे बांधू नये हे कोठे बांधावे याहून अधिक आग्रहाने सांगितले पाहिजे. स्टीअरिंगचे टाय रॉड दिसायला दांडग्या दांड्यांसारखे आणि आकडा अडकवायला फार सोयीचे असतात, आणि म्हणूनच घाईतला क्लीनर प्रथम त्यांनाच हात घालतो. पण ते ढकलण्या-ओढण्यासाठी केलेले असतात, आडव्या ताणाने ते वाकतात आणि वाकलेला टाय रॉड नव्वद वर्षांपूर्वीच्या एखाद्या मोटारीसाठी पुन्हा मिळवणे म्हणजे काय याची कल्पना ज्याची त्याला आहे. बंपरची गोष्ट तशीच आहे. जुन्या बंपरचे क्रोम जरी जाडजूड दिसले, तरी ते दोन पट्टीवजा ब्रॅकेटांवर टांगलेले असते. अँटी-रोल बार, सायलेन्सरचे नळ, इंजिनाखालची तेलाची टाकी, पाटे आणि पाट्यांचे शॅकल यांपैकी कोणतेही अंग पट्ट्याच्या ताणाचे धनी नाही.

आता एका जुन्या वादाकडे वळतो, कारण मोटारी नेणाऱ्यांत ह्याविषयी दोन स्पष्ट पंथ आहेत आणि दोघेही आपापल्या अनुभवाचे दाखले देतात. पहिल्या पंथाचे म्हणणे असे की, पट्टे पेटीला किंवा चॅसिसला लावून मोटार खाली खेचावी, स्प्रिंगा दाबून धराव्यात, म्हणजे ती मुळी हलणारच नाही. दुसऱ्या पंथाचे म्हणणे असे की, चाके आणि ॲक्सल तळाशी जखडावेत आणि वरच्या पेटीला आपल्या स्प्रिंगांवर डोलू द्यावे. जुन्या मोटारीपुरता मी निःशंकपणे दुसऱ्या पंथाचा आहे आणि त्याची कारणे केवळ आवडीची नाहीत. पेटी खाली खेचली असता ट्रकला प्रत्येक खड्ड्यात जो धक्का बसतो त्याने स्प्रिंग आणखी दबते, तेवढ्या क्षणापुरता पट्टा ढिला पडतो, आणि त्या क्षणी उघड्या तोंडाचा आकडा कड्यातून निसटून पडू शकतो. निसटला नाही तर स्प्रिंग परत उसळताना पट्ट्याला आणि ज्या जागी तो बांधला आहे तिला हिसका बसतो, आणि असे हिसके शेकडो किलोमीटर बसत राहतात. शिवाय जुन्या पाट्यांना, त्यांच्या रबरी बुशांना आणि गंजलेल्या ब्रॅकेटांना तासन् तास दाबून धरणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. ॲक्सल जखडला असता यांतले काहीच होत नाही. टायरच्या थोड्याशा लवचिकपणापलीकडे पट्ट्याला हालचाल अशी जाणवतच नाही आणि आवळलेला ताण बराच वेळ टिकतो.

दुसऱ्या पंथाचा एक आक्षेपार्ह भाग मात्र मान्य केला पाहिजे. पेटी मोकळी असल्यामुळे ती डोलते, आणि मॉरिस मायनरसारख्या मोटारीत, जिचे आर्मस्ट्राँग पद्धतीचे, तेल भरलेले शॉक ॲब्झॉर्बर वयोमानाने गळू लागलेले असतात, हे डोलणे बरेच वाढते. बंद कंटेनरच्या भिंती आणि मोटारीचे मडगार्ड यांत दोन्ही बाजूंना निदान वीतभर अंतर असेल अशी तजवीज करावी, आणि बाजूच्या दुसऱ्या मोटारीशी खेटून उभी करण्यास साफ नकार द्यावा.

चाकांना टायरवरून पट्टे घालून बांधण्याची पद्धत ह्याच दुसऱ्या पंथात मोडते आणि ज्या मोटारीखाली कोठेच विश्वासाची जागा सापडत नाही तिच्यासाठी ती उत्तम आहे. पट्टा टायरच्या पृष्ठभागावरून, रबरी ठोकळे लावलेल्या बाजूने, पुढून-मागून खाली तळाच्या कड्यांत जातो आणि चाकाला जमिनीशी दाबून धरतो. परंतु तारांच्या आरांची किंवा लाकडी आरांची चाके असतील, तर पट्टा आरांमधून ओवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आरा गोल फिरण्याचा आणि भार वाहण्याचा ताण घेण्यासाठी केलेल्या असतात, एका जागी आडव्या ओढल्या की त्यांची सरळ रेषा बिघडते. आणि फोर्डच्या मॉडेल टीसारख्या मोटारीच्या सुकलेल्या लाकडी आरांना तर तेवढ्यानेच भेग पडू शकते.

पट्ट्यांवर नेमके किती बळ येते याचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घातला म्हणजे आवळण्यात हयगय करण्याची वृत्ती आपोआप जाते. युरोपात मालाच्या बांधणीसाठी जी प्रमाणे ठरवलेली आहेत त्यांत, जोराच्या ब्रेकने माल पुढे सरकण्याचे बळ त्याच्या वजनाच्या दहा भागांपैकी आठ भाग आणि वळणावर बाजूला किंवा मागे सरकण्याचे बळ पाच भाग धरले जाते. अँबॅसेडरचे वजन सुमारे १,१०० किलो धरले, तर ट्रकने करकचून ब्रेक लावला असता ती ८८० किलोंच्या बळाने केबिनकडे धाव घेऊ पाहते. या वेळी कामाला येतात ते मागच्या ॲक्सलपासून मागे ओढणारे दोनच पट्टे. पुढचे दोन पट्टे मोटारीला पुढेच ओढत असल्यामुळे त्या क्षणी त्यांचा काडीइतका उपयोग नसतो. म्हणजे एकेका मागच्या पट्ट्याच्या वाट्यास ४४० किलो आले. पण पट्टा आडवा नसून तळाशी कोन करून खाली उतरत असतो, आणि हा कोन ४५ अंशांचा असेल तर त्याच्या ताणापैकी सुमारे सत्तर टक्केच आडव्या दिशेने उपयोगी पडतो, तेव्हा प्रत्येक पट्ट्यात प्रत्यक्षात ६२० किलोंहून अधिक ताण यावा लागतो. कोन वाढून ६० अंश झाला तर निम्माच ताण उपयोगी पडतो आणि पट्ट्यावरचे ओझे ८८० किलोंवर जाते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात: पट्टे जितके निजलेले तितके बरे, आणि मालक लोक सहसा पुढच्या पट्ट्यांची जी काळजी घेतात त्याहून अधिक काळजी मागच्या पट्ट्यांची घेतली पाहिजे.

बाजूचे सरकणे अडवण्यासाठी मागचे पट्टे एकमेकांना छेदून न्यावेत, म्हणजे ॲक्सलच्या डाव्या टोकाचा पट्टा तळाच्या उजव्या कड्यात आणि उजव्याचा डाव्यात. असे करताना ते अँबॅसेडरच्या डिकीखालच्या पेट्रोलच्या टाकीला, सायलेन्सरला किंवा डिफरन्शियलच्या घुमटाला घासत नाहीत ना, हे वाकून पाहावे. घासत असतील तर छेद न देता सरळ न्यावेत, पण तळाची कडी मोटारीच्या रुंदीहून बाहेर निवडावी, म्हणजे तिरपेपणामुळे बाजूचा आधार काही अंशी मिळतोच.

पट्टा म्हणजे पॉलिएस्टरचा, ५० मिलिमीटर रुंदीचा, रॅचेटचा पट्टा, आणि त्यावर त्याच्या वहनक्षमतेची चिठ्ठी शिवलेली असली पाहिजे. चिठ्ठी नसलेला पट्टा कितीही नवा दिसला तरी घेऊ नये. चिठ्ठीवर तुटण्याचे बळ आणि कामाचे बळ असे दोन आकडे असले तर दुसरा आकडा आपला, पहिला नव्हे. पुष्कळ ठिकाणी कामाचे बळ तुटण्याच्या बळाच्या एक तृतीयांश धरलेले असते. नायलॉनचा दोर आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना प्रिय आहे, परंतु नायलॉन ताणला की पुष्कळ लांबतो आणि भिजला की त्याची ताकद कमी होऊन तो आणखी सैलावतो, आणि पावसाळ्यात लोणावळ्याच्या अलीकडे-पलीकडे जो पाऊस असतो त्यात कोरडा राहणारा दोर अजून निर्माण व्हायचा आहे. काथ्याच्या दोराविषयी न बोलणेच बरे. साखळीत लांबण्याचा दोष नाही, पण तिचा घाव रंगाला आणि धातूला दोन्हीला लागतो. पॅकार्ड किंवा पन्नाशीच्या दशकातली शेवरोले यांसारख्या जड मोटारींसाठी साखळी घेतली तरी ॲक्सलभोवती कापडी वेटोळेच ठेवून साखळी त्याला जोडावी. पट्ट्याला गाठ कधीही मारू नये, कारण गाठीच्या ठिकाणी त्याची ताकद निम्म्यावर येते. कडेला चिरलेला, उन्हाने पांढरा पडून खरखरीत झालेला किंवा ॲसिड सांडलेला पट्टा कापून टाकावा, बाजूला ठेवून देऊ नये. बाजूला ठेवलेला पट्टा घाईच्या दिवशी पुन्हा हाती येतो. आकड्याला तोंड बंद करणारी पट्टी असावी.

वाहनाच्या निवडीबद्दल थोडक्यात. लांबच्या पल्ल्याला बंद कंटेनर, जवळच्याला तळ सरकून खाली येणारा सपाट ट्रक, हा सामान्य नियम पुरे आहे. मात्र दोहोंत तळाची कडी खालच्या पोलादी गर्डरला जोडलेली असली पाहिजे, नुसत्या फळ्यांना नव्हे. जे हौशी लोक जीपमागे स्वतःचा दोन चाकांचा ट्रेलर जोडतात त्यांनी मात्र मोटारीच्या जागेविषयी फार दक्ष राहावे. कडबा भरणारा शेतकरी जसा गाडी उलाळ होऊ देत नाही आणि बैलांच्या मानेवर फाजील भारही येऊ देत नाही, तसाच तोल येथेही सांभाळावा लागतो: जोडकड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे एकदशांशाइतका भार यावा अशा बेताने मोटार पुढे-मागे सरकवावी. भार मागे गेला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे फेकला जाऊ लागतो, आणि एकदा ते सुरू झाले की ब्रेक लावून थांबत नाही, उलट बळावते. बहुतेक जुन्या मोटारींचे इंजिन पुढे असल्यामुळे त्यांचे तोंड पुढेच असावे. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे, म्हणून ती उलटी चढवणे श्रेयस्कर.

चढवताना स्वतःच्या इंजिनावर चढवण्यापेक्षा विंचने ओढून घेणे मला अधिक पसंत आहे, कारण जुना क्लच आणि जुना कार्ब्युरेटर उतरंडीच्या मध्यावर केव्हा दगा देतील याचा नेम नसतो. विंचची तार चॅसिसला किंवा पुढच्या ॲक्सलला लावावी, तिच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि तारेवर एखादे जाड गोणपाट टाकून ठेवावे, म्हणजे ती तुटलीच तर फटकारा हवेत जाणार नाही. स्टीअरिंगवर एक माणूस बसलेला असावा, त्याने ब्रेक चालतो हे आधी तपासलेले असावे, आणि चाकामागे उटी घेऊन दुसरा माणूस पावलापावलाने सरकत असावा. मोटार वर आली की विंच सैल करून टाकावी; तिला बांधणीचा पाचवा पट्टा समजण्याची चूक पुष्कळ लोक करतात, पण तिचे दाते आणि ब्रेक हे स्थिर ओझ्यासाठी असतात, रस्त्यावरच्या हिसक्यांसाठी नसतात.

आवळण्याचा क्रम असा ठेवावा. चाके सरळ, मोटार तळाच्या मध्यावर, टायरांत पूर्ण हवा; कारण मऊ टायर दबतो आणि पट्टा सैल करतो. प्रथम पुढचे दोन पट्टे हाताने बसवून मग रॅचेटने माफक आवळावेत. नंतर हँडब्रेक सोडून, गिअर मोकळा करून मागचे दोन्ही आळीपाळीने आवळावेत, म्हणजे मोटार मागे खेचली जाऊन पुढचे पट्टेही आपोआप ताणतात. चारही सारखे झाले की हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि पुढच्या-मागच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी लावून ती तळाला खिळ्यांनी किंवा पट्ट्याने पक्की करावी. रॅचेटच्या दांडीवर नळी चढवून लांबी वाढवू नये. हाताच्या जोराने जेवढे आवळते तेवढेच योग्य. गाभ्यावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे बसलेले असावेत, दांडी पूर्ण मिटून कुलूप लागलेले असावे आणि उरलेले शेपूट गुंडाळून बांधलेले असावे. लांब पट्ट्याला मध्ये अर्धा पीळ दिला तर वाऱ्यात तो थरथरत नाही. शेवटी खांदा लावून मोटारीचे चाक जोराने ढकलावे. ट्रकचा तळ आणि चाक एकाच वेळी हलले तर बांधणी झाली.

वाऱ्याचा विचार थोडेच लोक करतात. मुंबईत ज्या मोटारीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत त्या जुन्या अकराशेचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे पुढून उघडणारे होते. तोंड पुढे करून उघड्या ट्रकवर ती चढवली आणि कडी नीट लागलेली नसली, तर समोरचा वारा दरवाजा उखडून घेऊन जाईल. उलट, नेहमीच्या दरवाजांची मोटार मागे तोंड करून चढवली तर तोच धोका त्यांना, आणि शिवाय मागून उघडणाऱ्या बॉनेटलाही, उत्पन्न होतो. दरवाजे, बॉनेट, डिकी ही रुंद सुती नाडीने बांधून ठेवणे केव्हाही हितावह. कापडी हूड असलेल्या मोटारीचे हूड मिटून, बांधून ठेवावे. आणि उघड्या ट्रकवर मोटारीला ताडपत्री किंवा झाकण घालण्याचा जो मायेचा प्रकार आहे त्यास माझा सक्त विरोध आहे: वाऱ्याने फडफडणारे कापड आणि त्याखाली अडकलेली धूळ मिळून शंभर किलोमीटरांत रंगावर जो पॉलिश-कागदाचा प्रयोग करतात तो धुळीने आणि पावसाने कधी होत नाही. धूळ धुऊन निघते.

पेट्रोल टाकीत थोडेच असावे, नळ बंद असावा, आणि बॅटरीची अर्थची तार सोडलेली असावी; पुष्कळ जुन्या इंग्रजी मोटारींत पॉझिटिव्ह टोक पेटीला जोडलेले असते, तेव्हा रंग पाहून नव्हे तर तार कोठे जाते ते पाहून सोडावी. आतले सुटे सामान, जॅक, हबकॅप, घड्याळ, बॉनेटवरची मूर्ती हे सर्व वेगळे काढून, कापडात गुंडाळून आपल्याबरोबर न्यावे.

दस्तऐवजांच्या बाबतीत, वाहतूकदाराच्या विम्यात मोटारीची किंमत कोणत्या आधारावर धरली आहे हे लेखी विचारावे, कारण जुन्या मोटारीचे मोल नेहमीच्या घसाऱ्याच्या तक्त्यात बसत नाही. पूर्वी ठरवलेल्या किमतीचा स्वतंत्र प्रवासविमा असेल तर उत्तम. मोटार हवाली करताना तिची चारही बाजूंची, तळाची आणि प्रत्येक पट्ट्याच्या जागेची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत आणि पावतीवर चालकाची सही घ्यावी. नोंदणीपुस्तक व विमापत्राच्या प्रती ट्रकमध्ये असाव्यात, मूळ प्रती नसाव्यात.

रस्त्यावर निघाल्यावर पहिली तपासणी दहा-पंधरा किलोमीटरांतच करावी, कारण पट्टे आणि टायर जे काही बसायचे ते तेवढ्यात बसतात आणि जवळजवळ नेहमीच रॅचेटचे एक-दोन दाते पुढे घ्यावे लागतात. पुढे दर थांब्यावर, आणि निदान दोन-अडीच तासांनी, हात लावून पाहिल्याखेरीज चहा घेऊ नये. घाट उतरण्यापूर्वीची तपासणी तर सक्तीचीच समजावी. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी. या उतारात ट्रक खालच्या गिअरमध्ये असतो, पुनःपुन्हा ब्रेक लागत असतात, आणि त्या सगळ्या वेळात मोटारीचा भार मागच्या दोन पट्ट्यांवर सतत पुढे झुकलेला असतो. खंडाळ्याच्या अलीकडे पाच मिनिटे थांबून ते दोन पट्टे आवळावेत, तेथील वेटोळी ॲक्सलवर सरकून ब्रेकच्या नळीजवळ आलेली नाहीत ना ते पाहावे, आणि चालकास वेग कमी ठेवण्याची स्पष्ट सूचना द्यावी. परत येताना कशेडी, आंबा किंवा कसारा यांपैकी कोणताही घाट असो, हाच परिपाठ ठेवावा; फक्त चढणीवर ताण पुढच्या पट्ट्यांवर येतो एवढी तफावत.

उतरवण्याच्या वेळी सर्व मंडळी थकलेली आणि आनंदात असतात, आणि नेमका त्याच वेळी अपघात होतो. ट्रक सपाट जागी उभा करावा, विंचची तार पुन्हा लावून तिच्यातला ढिलेपणा काढावा, उटी जागच्या जागी ठेवावी, आणि त्यानंतरच रॅचेट सोडावेत. सोडताना दांडी उसळते, म्हणून चेहरा तिच्या रेषेत नसावा. पट्टे निघाल्यावर ॲक्सलच्या दोन्ही टोकांना ब्रेकच्या नळीवर बोट फिरवून ओल आहे का ते पाहावे, स्टीअरिंगवर बसलेल्या माणसाने पेडल तीन-चार वेळा दाबून ते वरच्यावर, घट्ट लागते याची खात्री सांगावी, आणि त्याने ‘लागतो’ असे मोठ्याने म्हटल्यावाचून चाकाखालची उटी काढू नये.